बँकेत घोटाळा रोखणारी अंतर्गत नियंत्रणं : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नियमावली नसलेली बँक शोधूनही सापडणार नाही. तरी घोटाळे होतात, आणि नंतरच्या चौकशीत बहुधा तेच निघतं. नियम होता, सही होती, रजिस्टरही भरलेलं होतं. पण हरकत घेण्याचं काम ज्याचं होतं, त्याच्याकडे त्यासाठी लागणारी माहिती, वेळ किंवा अधिकार यांपैकी काहीतरी नव्हतं. चुकीचा व्यवहार जिथे प्रत्यक्षात अडतो, ती जागा म्हणजे नियंत्रण. अशा जागा उभारताना बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो. आधी सॉफ्टवेअर येतं, मग धोरण लिहिलं जातं, मग परिपत्रक निघतं. पैसा नेमका कोणाकोणाच्या हातून जातो, हे सगळ्यात शेवटी पाहिलं जातं.

इथे सुरुवात तिथूनच केली आहे. टप्पे मागेपुढे करू नका, कारण प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्यात तयार झालेली यादी लागते.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून आर्थिक अफरातफरीमागची तीन कारणं पुढे आली: माणसावरचा दबाव, समोर आलेली संधी आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत. यांतली संधी तेवढी बँकेच्या हातात असते. त्यामुळे खाली कुठेही 'तो माणूस विश्वासू आहे' हे उत्तर चालणार नाही. प्रश्न माणसाच्या सचोटीचा नसून त्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणालाही काय करता येतं, याचा आहे.

## तयारी : तीन याद्या

छापील कार्यपद्धती बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रकारच्या व्यवहाराचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः काढा.

पहिली यादी पैसा बाहेर जाण्याच्या वाटांची. रोख, ट्रान्सफर, कर्जवाटप, मुदतीआधी मोडलेल्या ठेवी, व्याजाच्या उलट नोंदी, शुल्कमाफी, बँकेच्या स्वतःच्या ऑफिस खात्यांतून होणारी देणी. बँक हमी आणि तत्सम हमीपत्रं या यादीतून नेहमी सुटतात, कारण पत्र देताना त्या दिवशी पैसा हलत नाही. जबाबदारी मात्र त्याच क्षणी बँकेच्या डोक्यावर येते.

दुसरी यादी माणसांची. इथे पदनाम पुरत नाही, नाव लिहा. जेवणाच्या सुट्टीत त्या जागेवर कोण बसतं आणि रजेच्या दिवशी काम कोण पाहतं, त्यांचीही नावं हवीत.

तिसरी यादी ताब्याची. किल्ल्या, यूजर आयडी, टोकन, शिक्के, कोरे चेक, कोऱ्या ठेव पावत्या यांतलं काय कोणाकडे आहे?

नेहमीची चूक : शाखाधिकाऱ्याला प्रश्नावली पाठवून ती भरून घेणं. त्यात नियमाप्रमाणे काय व्हायला हवं, तेवढंच लिहून येतं. त्याऐवजी काउंटरवर जा आणि सांगा, "असा शेवटचा झालेला व्यवहार काढून दाखवा." व्हाउचर, सह्या, वेळा आणि यूजर आयडी समोर आले की प्रत्यक्षातली पद्धत दिसते.

## टप्पा १ : एकट्याने पूर्ण करता येणारे व्यवहार शोधा

कुठल्याही व्यवहारात चार कामं असतात: सुरू करणं, मंजूर करणं, पैसा किंवा दस्तऐवज ताब्यात ठेवणं आणि नंतर नोंदींचा ताळमेळ घालणं. पहिल्या यादीतल्या प्रत्येक वाटेसमोर ही चार कामं मांडा आणि दुसऱ्या यादीतली नावं भरा. एकच नाव दोनदा आलं की तिथे खूण करा.

ब्रिटनच्या बेरिंग्ज बँकेच्या सिंगापूर कार्यालयात निक लीसन सौदेही करत होता आणि त्या सौद्यांची सेटलमेंटची, म्हणजे हिशेब मिटवण्याची, बाजूही त्याच्याच हाताखाली होती. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात दडत गेला आणि १९९५ मध्ये तो ८२ कोटी ७० लाख पौंडांवर पोहोचून बँकच बुडाली. वरचा तक्ता मांडला असता, तर लीसनचं नाव एकाच ओळीत दोनदा आलं असतं.

तपासा : नावं वेगळी असली तरी माणूस एकच नाही ना? सहकाऱ्याचा पासवर्ड माहीत असलेला कर्मचारी या तक्त्यात दोन माणसं म्हणून मोजला जातो.

## टप्पा २ : कामं वेगळी करा, पण प्राधान्य ठरवून

खुणा केलेल्या सगळ्या जागा एकदम सोडवायला माणसं नसतात. तीन-चार जणांच्या शाखेत तर ते शक्यच नाही. मग 'लहान शाखा आहे, चालायचंच' म्हणून सगळंच सोडून दिलं जातं. तसं करू नका.

आधी ताबा आणि ताळमेळ वेगळे करा. ज्याच्या हातात पैसा, त्याच्याकडे हिशेब जुळवण्याचं काम कधीही नको. माणसं कितीही कमी असली तरी या नियमाला सूट देऊ नका. त्यानंतर सुरू करणं आणि मंजूर करणं वेगळं करा. एवढं करूनही माणूस कमी पडत असेल, तर ताळमेळाचं काम शाखेबाहेर, मुख्य कार्यालयात किंवा दुसऱ्या शाखेत न्या. हे काम दूर बसूनही होतं, आणि ते करणारा शाखेतल्या ओळखीपाळखीपासून लांब राहतो हा फायदा वेगळा.

## टप्पा ३ : सिस्टीममधले अधिकार छाटा

कागदावर वेगळी केलेली कामं सिस्टीममध्ये एकत्रच राहिली, तर दुसरा टप्पा वाया जातो. प्रत्येक यूजर आयडीला काय काय करता येतं, याची पूर्ण यादी काढून घ्या आणि टप्पा १ च्या तक्त्याशी ताडून पाहा. भोकं बहुधा पुढच्या जागी सापडतात.

बदलीनंतर उरलेले अधिकार. माणूस एका विभागातून दुसऱ्यात जातो, नवे अधिकार मिळतात आणि जुने काढायचे राहतात. काही वर्षांनी त्याच्या एकट्याच्या आयडीवर अख्खा व्यवहार पार पडू शकतो. बदलीच्या आदेशासोबत जुने अधिकार बंद झालेच पाहिजेत. नव्या अधिकारांचा अर्ज त्यानंतर करायचा.

नोकरी सोडलेल्यांचे आयडी. दर महिन्याला पगारपत्रक आणि यूजर यादी शेजारी ठेवा. यूजर यादीत आहे पण पगारपत्रकात नाही, असं प्रत्येक नाव त्याच दिवशी बंद करा किंवा त्याचं लेखी कारण घ्या. बाहेरच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराचे आयडीही यात धरा.

ॲडमिन आयडी. जो नवे यूजर तयार करतो, त्याला व्यवहाराची नोंद करता येता कामा नये. मागच्या तारखेची नोंद, व्याजदर आणि मर्यादा बदलणं हे अधिकार सर्वांत कमी लोकांकडे असावेत. ते वापरले गेले की त्याची सूचना आपोआप दुसऱ्या विभागात गेली पाहिजे.

ग्राहकाच्या माहितीत बदल. याकडे फार कमी लक्ष जातं आणि मला ही जागा सगळ्यांत धोक्याची वाटते. मोबाईल क्रमांक, पत्ता, सहीचा नमुना बदलताना पैसा हलत नाही, म्हणून हे काम कोणालाही दिलेलं असतं. पण बरीच वर्षं न हललेलं खातं आधी पुन्हा चालू करायचं, मग त्याचा मोबाईल क्रमांक बदलायचा आणि नंतर पैसे काढायचे, ही चोरीची जुनी रीत आहे. क्रमांक बदलला की जुन्या क्रमांकावरही संदेश गेला पाहिजे. बदल झाल्यावर काही दिवस त्या खात्यातल्या मोठ्या रकमांना वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागली पाहिजे. निष्क्रिय खातं चालू करणारा आणि त्यातून पैसे देणारा हे दोघे वेगळे हवेत.

सावधान : अधिकारमर्यादा ठरवली की ती तुकड्यांनी ओलांडली जाते. मर्यादेच्या जरासं खाली असलेले, एकाच लाभार्थ्याला एकाच दिवशी गेलेले व्यवहार वेगळे काढणारा अहवाल सुरू करा. मर्यादा व्यवहारागणिक लावा, तशीच दिवसाच्या बेरजेलाही लावा.

## टप्पा ४ : मेकर-चेकर जिवंत ठेवा

मेकर नोंद करतो, चेकर ती तपासून मंजूर करतो, ही दोन माणसांची पद्धत सगळीकडे आहे. ती मरते गर्दीच्या वेळी. काउंटरवर रांग असते, अधिकारी दुसऱ्या कामात असतो, म्हणून तो आपला पासवर्ड सांगून टाकतो किंवा समोर आलेलं न वाचता मंजूर करत सुटतो. 'इतक्या वर्षांत काही झालं नाही' या भरवशावर ते पुढे चालू राहतं.

चेकरने काय पाहायचं, हे आधी लिहून द्या. मेकरने आणून दिलेलाच कागद पाहून मंजुरी दिली, तर ती तपासणी होत नाही. मूळ नोंद चेकरने स्वतः उघडावी: सहीचा नमुना सिस्टीममधला, शिल्लक सिस्टीममधली, कर्ज असेल तर मंजुरीपत्र मूळ फाइलमधलं. ग्राहकाला फोन करून खात्री करायची असेल, तर आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर करावी. अर्जावर लिहिलेल्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडे खोटा अर्ज करणारा माणूसच असू शकतो. फोन करण्याआधी तो क्रमांक अलीकडे बदलला आहे का, तेही पाहावं.

मग चेकरला तेवढा वेळ मिळतो का, ते मोजा. दिवसभरातल्या मंजुऱ्या आणि त्यांच्या वेळा सिस्टीममधून काढा. काही सेकंदांच्या अंतराने ओळीने मंजुऱ्या दिसल्या, तर तिथे कोणी काही वाचत नाही. अशा ठिकाणी माणूस वाढवा, किंवा छोट्या रकमांची मंजुरी नमुना तपासणीवर नेऊन मोठ्या रकमांसाठी वेळ मोकळा करा. नुसती ताकीद देऊन हे सुटत नाही.

तपासा :
- मेकर आणि चेकर दोघांचे आयडी एकाच संगणकावरून, पाठोपाठ वापरले गेलेत का?
- चेकर रजेवर असलेल्या दिवशी त्याच्या आयडीने मंजुऱ्या दिल्या आहेत का?
- मागच्या तीन महिन्यांत चेकरने एकही व्यवहार परत पाठवलेला नाही, असं तर नाही ना? तसं असेल, तर त्याच्या मंजुऱ्यांतले काही व्यवहार काढून पुन्हा तपासा.

## टप्पा ५ : ताळमेळ

या लेखातला एकच टप्पा नीट करणार असाल, तर हा करा. आधीचे टप्पे चोराला अडवतात. त्यातून तो निसटला, तर ताळमेळात सापडतो. म्हणूनच मोठे घोटाळे वर्षानुवर्षं चालतात, तेव्हा ताळमेळ कुठेतरी मोडलेला असतो.

बाहेरचा आकडा थेट मिळवा. जपानच्या दैवा बँकेच्या न्यूयॉर्क शाखेत तोशिहिदे इगुची रोख्यांचे सौदे करत होता आणि कस्टडी खात्याची, म्हणजे रोखे सांभाळायला ठेवलेल्या खात्याची, विवरणपत्रंही त्याच्याच हातून जात होती. त्याने ती बनावट तयार केली. सुमारे ११० कोटी डॉलरचा तोटा अकरा वर्षांहून अधिक काळ झाकून राहिला आणि १९९५ मध्ये, त्याने स्वतः कबुली दिल्यावर, बाहेर आला. त्यामुळे दुसऱ्या बँकेतल्या खात्याचं, कस्टोडियनचं किंवा पेमेंट नेटवर्कचं विवरण ताळमेळ घालणाऱ्याकडेच थेट आलं पाहिजे. मध्ये कोणाचाही हात नको, वरिष्ठाचाही नको.

गेलेले संदेश आणि लेजर जुळवा. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रेडी हाउस शाखेचा घोटाळा २०१८ मध्ये उघडकीला आला. तिथे हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून जात होते, पण कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब-यंत्रणेत, त्यांची नोंदच होत नव्हती. दोन्ही यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या. पुस्तकात नोंदच नसल्यामुळे पुस्तकं तपासणाऱ्याला काही सापडण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्रणा जोडलेल्या असोत वा नसोत, त्या दिवशी बाहेर किती संदेश गेले आणि लेजरमध्ये किती नोंदी झाल्या, हे दोन आकडे रोज, दोन वेगळ्या ठिकाणांहून काढून समोरासमोर ठेवा.

बेरजेवर थांबू नका. सस्पेन्स आणि संड्री खात्यांत, म्हणजे न उलगडलेल्या नोंदी तात्पुरत्या ठेवण्याच्या खात्यांत, ही चूक हमखास होते. महिनाअखेरीला थकीत नोंदींची बेरीज तेवढीच आली की काम झालं असं समजतात. पण जुनी नोंद नव्या नोंदीने मिटवली, तर बेरीज तीच राहते आणि आतला माल बदलत जातो. एकाच्या पैशाने दुसऱ्याचं भोक बुजवण्याची ही पद्धत बेरजेत कधीच दिसत नाही. प्रत्येक नोंद वेगळी पाहा: तारीख, रक्कम, कोणी टाकली, कशाने मिटली. मिटवणारी नोंद मूळ व्यवहाराशी जुळते का, हे कागदावरून ठरवा, तोंडी खुलाशावरून नको. महिन्याच्या शेवटच्या दिवशी टाकलेल्या आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उलटवलेल्या नोंदी वेगळ्या काढा.

वय ठरवा. सस्पेन्समधली नोंद किती दिवस राहू शकते, हे आधीच ठरलेलं असावं. मुदत उलटली की ती आपोआप वरच्या पातळीवर जाईल. ही मुदत वाढवण्याचा अधिकार शाखेकडे नको.

सावधान : ताळमेळपत्रकावर फक्त 'जुळले' अशी सही असेल, तर ते पत्रक स्वीकारू नका. न जुळलेल्या नोंदींची यादी जोडलेली हवी. ती शून्य असेल, तर शून्य असंच लिहून यावं.

## टप्पा ६ : वस्तूंचा ताबा

हा भाग बँकांना चांगला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे आणि त्यांच्या अदलाबदलीची नोंद. कोरे चेक आणि ठेव पावत्या क्रमांकाने मोजायच्या. मोजणी अधूनमधून, न सांगता आणि ताबेदार सोडून दुसऱ्याने करायची. तारण सोनं असेल, तर मूल्यांकन करणारा आणि कर्ज मंजूर करणारा वेगळे, आणि काही पाकिटांचं फेरमूल्यांकन बाहेरच्या माणसाकडून.

अचानक तपासणी दर महिन्याला त्याच आठवड्यात होत असेल, तर ती अचानक नाही. तारखा मुख्य कार्यालयाने ठरवाव्यात. एकदा मोजून गेल्यावर दोनच दिवसांनी पुन्हा जायलाही हरकत नाही.

## टप्पा ७ : सक्तीची रजा आणि बदली

घोटाळा झाकायला रोज हजर राहावं लागतं. माणूस सलग काही दिवस दूर गेला की न मिटलेली नोंद, न आलेलं विवरण, ग्राहकाचा फोन दुसऱ्याच्या हातात पडतो. भारतात रिझर्व्ह बँकेने संवेदनशील पदांवरच्या बँक कर्मचाऱ्यांसाठी वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामकाजी दिवसांच्या रजेची अट घातली आहे. अमेरिकेत सलग दोन आठवड्यांची शिफारस आहे.

रजा देताना तीन गोष्टी हव्यात. यूजर आयडी त्या काळात बंद. काम खरोखर दुसऱ्याने करायचं, 'आल्यावर तो बघेल' म्हणून साठवायचं नाही. आणि त्या काळात आलेल्या तक्रारी, अडलेले व्यवहार यांची टिपणी बदली माणसाने लिहून द्यायची. ही टिपणी कोणी मागतच नाही, आणि रजेचा सगळा उपयोग तर तिच्यातच असतो.

फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत सौदे करणाऱ्या जेरोम कर्विएलने रजा घेणं टाळलं होतं. २००८ मध्ये त्याच्या सौद्यांमुळे त्या बँकेला ४९० कोटी युरोंचा तोटा सोसावा लागला. वर्षभर रजा न घेणाऱ्याचं कौतुक होतं तिथे आधी त्याची रजा मंजूर करा.

## टप्पा ८ : इशारा बंद करण्याचा नियम

कर्विएलच्या व्यवहारांबद्दल त्या बँकेत सत्तरहून अधिक इशारे निघाले होते. विचारणा झाली, त्याने उत्तरं दिली, ती मान्य झाली. इशारे सिस्टीमने दिले होते, ते बंद माणसांनी केले. म्हणून एक्सेप्शन रिपोर्ट, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळे व्यवहार दाखवणारे अहवाल, कमी ठेवा आणि प्रत्येकाला एक मालक द्या. ज्याच्याबद्दल इशारा आहे, त्याच्याच खुलाशावर तो बंद होता कामा नये. स्वतंत्र पुरावा जोडलाच पाहिजे. एकाच माणसाबद्दलचे वेगवेगळ्या अहवालांतले इशारे एकत्र पाहणारा कोणीतरी हवा. सुटे पाहिले तर प्रत्येक इशारा किरकोळच वाटतो.

इशारा न येणं हाही इशारा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशची मध्यवर्ती बँक असलेल्या बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्क फेडमधल्या (अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क शाखेतल्या) खात्यातून चोरांनी ९५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम हलवण्याचे आदेश पाठवले. स्विफ्टचे संदेश छापणारा प्रिंटर बंद पडला होता आणि ती नेहमीची बिघाडाची बाब समजली गेली. गुरुवारची रात्र निवडलेली होती: शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, शनिवार-रविवार न्यूयॉर्कमध्ये. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले. रोज येणारा अहवाल एक दिवस आला नाही, तर कोणाला फोन करायचा आणि सुट्टीच्या दिवशी तो फोन कोण उचलणार, हे नावासकट लिहून ठेवा.

## टप्पा ९ : सांगणाऱ्यासाठी वाट

प्रमाणित घोटाळा परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के घोटाळे कोणीतरी सांगितल्यामुळे उघडकीला आले, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच संस्थेचे कर्मचारी होते. ही वाट शाखाधिकाऱ्याच्या टेबलावरून जाता कामा नये, कारण तक्रार त्याच्याबद्दलही असू शकते. ती थेट लेखापरीक्षण समितीकडे जावी, निनावी चालावी आणि सांगणाऱ्याची बदली लगेच झाली तर तिची चौकशी व्हावी. ग्राहकाची 'माझ्या खात्यात पैसे कमी दिसतात' ही तक्रारही त्याच काउंटरकडे उत्तरासाठी परत पाठवू नका.

लोकांवर लादलेली उद्दिष्टंही इथेच पाहा. २०१६ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेला ग्राहकांच्या संमतीशिवाय खाती उघडल्याबद्दल १८ कोटी ५० लाख डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचारी काढले गेले होते. मुळाशी विक्रीच्या उद्दिष्टांचा दबाव होता. जिथे उद्दिष्ट अवाजवी, तिथे मेकर आणि चेकर दोघेही एकाच बाजूला असतात आणि चौथा टप्पा निकामी होतो.

## टप्पा १० : मोडून पाहा

वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन स्वतःच प्रयत्न करा. न जुळणाऱ्या सहीचा अर्ज पाठवा. फोनवरून पासवर्ड बदलून मागा. सस्पेन्समध्ये खुणेची नोंद टाकून ती किती दिवसांनी कोणाच्या लक्षात येते ते मोजा. कागद तपासून नियंत्रण आहे एवढं कळतं, चालतं का हे असं करूनच कळतं.

लेखापरीक्षणातला मुद्दा 'पूर्तता केली' या पत्रावर बंद करू नका. बेरिंग्जच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४ मध्येच सिंगापूरमधली दोन्ही कामं एका माणसाकडे असल्याचा धोका लिहून ठेवला होता. बदल झाला नाही. मुद्दा बंद करायला बदललेल्या अधिकारांची सिस्टीममधली प्रत मागा.

## संशय आला तर

पहिली प्रतिक्रिया त्या माणसाला बोलावून विचारण्याची असते. तसं केलं की पुरावा जाण्याची भीती असते. हा क्रम पाळा:

१. सिस्टीमचे लॉग, सीसीटीव्ही चित्रण आणि ईमेल सुरक्षित करा. सीसीटीव्ही ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते सर्वांत आधी.
२. मूळ व्हाउचर आणि फाइली शाखेतून काढून सीलबंद ताब्यात घ्या, यादीवर दोघांच्या सह्या घ्या.
३. संबंधित आयडी आणि किल्ल्या एकाच वेळी काढून घ्या. आधी आयडी आणि दुसऱ्या दिवशी किल्ली, असं नको.
४. त्याच वेळी ज्या खात्यांत पैसा गेला, त्यांवर कायद्याप्रमाणे रोक लावा आणि समोरच्या बँकेला कळवा.
५. नियामकाला आणि पोलिसांना ठरलेल्या मुदतीत कळवा. मुदत बँकेला पहिल्यांदा कळलं त्या क्षणापासून मोजली जाऊ शकते, म्हणून ती वेळ लिहून ठेवा.
६. मग विचारणा, दोघांच्या उपस्थितीत, लेखी नोंदीसह.

त्यानंतर तक्ता पुन्हा काढा आणि पैसा ज्या वाटेने गेला, ती वाट बाकीच्या शाखांमध्येही उघडी आहे का, हे त्याच आठवड्यात तपासा.